पर्सी ज्युलियन: सोयाबीनच्या तेलापासून हायड्रोकॉर्टिसोनच्या मलमापर्यंत

बाळाच्या गालावर इसब आले, भांडी घासून हातांची त्वचा लाल होऊन चिरली, घड्याळाच्या पट्ट्याखाली ॲलर्जीची पुरळ उठली, की डॉक्टर अनेकदा एक साधी ट्यूब लिहून देतात. ट्यूबवर नाव असते हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का. त्वचेला लावायच्या स्टेरॉइडमधले हे सर्वांत सौम्य औषध समजले जाते. चार-पाच दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि ट्यूब कपाटात जाते.

आज स्वस्तात मिळणारे हे औषध १९४९ च्या आसपास सोन्याहून महाग होते. ते सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आणण्यात ज्यांचा वाटा मोठा होता, त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ डॉ. पर्सी लॅव्हॉन ज्युलियन (१८९९ ते १९७५). या लेखात त्यांचे आयुष्य, आणि त्या ओघात हे मलम कसे काम करते व ते कसे वापरावे, हे समजून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

पर्सी ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात झाला. त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मले होते. चोरून लिहायला-वाचायला शिकल्याची शिक्षा म्हणून आजोबांच्या हाताची दोन बोटे तोडण्यात आली होती, असे त्यांच्या घरात सांगितले जाई. वडील रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून होते आणि आई शिक्षिका. सहा भावंडांत पर्सी सर्वांत मोठे. सहाही मुलांनी उच्च शिक्षण घ्यायचे, हा आईवडिलांचा निश्चय होता.

त्या काळी माँटगोमेरीत काळ्या मुलांसाठी आठवीच्या पुढे सरकारी शाळा नव्हती. पर्सी १९१६ मध्ये इंडियाना राज्यातील डीपॉ विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांची तयारी इतर विद्यार्थ्यांपेक्षा बरीच कमी होती. महाविद्यालयाचे वर्ग करत असतानाच राहिलेला शालेय अभ्यासक्रमही त्यांनी पूर्ण केला. वसतिगृहात त्यांना जागा मिळाली नाही. पुढे गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात जेवण वाढायचे आणि भट्टी पेटवायची, त्या बदल्यात तिथल्या पोटमाळ्यावर राहायचे, अशी सोय झाली. १९२० मध्ये ते आपल्या तुकडीत पहिले आले.

पण पहिला नंबर पुरेसा नव्हता. बरोबरचे विद्यार्थी पुढील संशोधनासाठी मोठ्या विद्यापीठांत गेले; ज्युलियन फिस्क या काळ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात शिकवू लागले. पुढे शिष्यवृत्तीवर हार्वर्डला जाऊन १९२३ मध्ये त्यांनी एमएची पदवी मिळवली. मात्र काळा शिक्षक गोऱ्या विद्यार्थ्यांना चालणार नाही या भीतीने त्यांना तिथे अध्यापनाचे काम नाकारले गेले आणि डॉक्टरेटचा रस्ता बंद झाला. ती पदवी त्यांना मिळाली थेट युरोपात. १९२९ मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठात एर्न्स्ट श्पेट या नामवंत रसायनशास्त्रज्ञांकडे गेले आणि १९३१ मध्ये डॉक्टर होऊन परतले. वनस्पतींमधील औषधी द्रव्ये वेगळी काढून त्यांची रचना शोधणे, हा त्यांचा विषय ठरला.

काचबिंदूचे औषध

मायदेशी परतल्यावर काही काळ हॉवर्ड विद्यापीठात शिकवून ते पुन्हा डीपॉला आले. व्हिएन्नातील सहकारी जोसेफ पिकल त्यांच्यासोबत होते. दोघांनी एक अवघड काम हाती घेतले. पश्चिम आफ्रिकेत मिळणाऱ्या कॅलाबार नावाच्या बियांत फायसोस्टिग्मिन हे द्रव्य असते. काचबिंदूत डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ते वापरले जाई. हे द्रव्य प्रयोगशाळेत पूर्णपणे कृत्रिम रीतीने बनवायचे, असे त्यांनी ठरवले.

याच विषयावर ऑक्सफर्डचे सर रॉबर्ट रॉबिन्सन काम करत होते. रॉबिन्सन जगातील आघाडीचे रसायनशास्त्रज्ञ. पुढे त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यांनी बनवलेले मधले द्रव्य आणि ज्युलियन यांनी बनवलेले द्रव्य जुळत नव्हते. दोघांपैकी एकाचे चुकले होते हे उघड होते. ज्युलियन यांनी आपला निष्कर्ष ठामपणे छापला. तो चुकीचा ठरला असता, तर आधीच अडखळत चाललेली कारकीर्द तिथेच संपली असती. १९३५ मध्ये अंतिम द्रव्य तयार झाले. त्याचा वितळणबिंदू नैसर्गिक द्रव्याशी तंतोतंत जुळला आणि ज्युलियन बरोबर ठरले.

या यशानंतरही डीपॉने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही. एका मोठ्या रासायनिक कंपनीने पिकल यांना नोकरी देऊ केली, ज्युलियन यांना नाही. विस्कॉन्सिन राज्यातील एका संशोधन संस्थेला ते हवे होते. पण त्या गावात काळ्या माणसाने रात्री मुक्काम करायचा नाही, असा नियम होता. अखेर १९३६ मध्ये ग्लिडन कंपनीने त्यांना शिकागोतील आपल्या सोयाबीन विभागाचे संशोधन-संचालक नेमले. गोऱ्या शास्त्रज्ञांच्या चमूवर काळा प्रमुख ही त्या काळी अमेरिकी उद्योगात फार दुर्मीळ गोष्ट होती.

टाकीत शिरलेले पाणी

आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना सोयाबीन म्हणजे नगदी पीक म्हणून माहीत आहे. ग्लिडनमध्ये ज्युलियन यांनी त्याच दाण्यातून शुद्ध प्रथिन मोठ्या प्रमाणावर वेगळे काढले. ते कागदाच्या लेपासाठी वापरले गेले. सोयाबीनच्या प्रथिनापासून बनवलेला आग विझवणारा फेस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने जहाजांवर वापरला.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र १९४० च्या सुमारास घडली. सोयाबीन तेलाच्या एका प्रचंड टाकीत चुकून पाणी शिरले आणि तळाशी पांढरा थर जमला. इतरांच्या लेखी ते वाया गेलेले तेल होते. ज्युलियन यांना त्यात स्टिग्मास्टेरॉल दिसले. कॅलाबार बियांवर काम करताना त्यांनी हेच पांढरे स्फटिक पाहिले होते.

याचे महत्त्व काय? आपल्या शरीरातील अनेक संप्रेरके, म्हणजे हार्मोन, स्टेरॉइड या रासायनिक कुळातील आहेत. प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीत तयार होणारे कॉर्टिसॉल, या सर्वांचा सांगाडा एकच. स्टिग्मास्टेरॉलचाही सांगाडा तोच आहे. तेव्हा वनस्पतीकडून तयार सांगाडा घ्यायचा आणि त्यावर हवे तेवढे बदल करायचे, की हार्मोन तयार होते. प्राण्यांच्या ग्रंथींमधून ते काढायचे म्हटले, तर टनावारी कच्च्या मालातून चिमूटभर हाती लागे. ज्युलियन यांनी सोयाबीनपासून प्रोजेस्टेरॉन किलोंच्या हिशेबात बनवले. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना ते त्या काळी दिले जाई.

कॉर्टिसोनचा शोध आणि एका ऑक्सिजनची गोष्ट

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला नवे औषध टोचले. काही दिवसांतच ती उठून चालू लागली. ते औषध होते कॉर्टिसोन. या कामासाठी हेंच, एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेऊस राइखस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण होती ती पुरवठ्याची. कॉर्टिसोन गुराढोरांच्या पित्तातील आम्लापासून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्यांनी बनवावे लागे. सुरुवातीला एका ग्रॅमची किंमत सुमारे २०० डॉलर होती. औषध सापडले होते, पण बहुतेक रुग्णांना ते परवडणारे नव्हते.

१९४९ मध्ये ज्युलियन यांनी राइखस्टाइन यांचे द्रव्य एस नावाने ओळखले जाणारे स्टेरॉइड कृत्रिम रीतीने बनवण्याचा सोपा मार्ग जाहीर केला. द्रव्य एस आणि हायड्रोकॉर्टिसोन यांत फरक फक्त ऑक्सिजनच्या एका अणूचा. सांगाड्यावरील अकराव्या जागी तो ऑक्सिजन बसवला, की हायड्रोकॉर्टिसोन तयार होते. ही अकरावी जागाच सर्वांत अवघड होती. तिचे कुलूप रसायनांऐवजी बुरशीने उघडले. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की शिळ्या पावावर वाढणाऱ्या बुरशीच्या जातीतील एक बुरशी प्रोजेस्टेरॉनवर नेमक्या याच जागी ऑक्सिजन बसवते. दुसऱ्या एका बुरशीकडून द्रव्य एसवर हेच काम करून घेता येऊ लागले.

म्हणजे या औषधाचा जनक एकच, असे म्हणता येत नाही. मेयोचे डॉक्टर, राइखस्टाइन, बुरशी वापरणारे शास्त्रज्ञ, आणि मेक्सिकोतील रानकंदापासून (आपले कोनफळ ज्या कुळातले, त्याच कुळातले हे कंद) स्टेरॉइड बनवणारे रसायनशास्त्रज्ञ, या सर्वांचा वाटा आहे. सोयाबीनचा रस्ता मात्र ज्युलियन यांनी रुंद केला. काही वर्षांतच या औषधांची किंमत झपाट्याने उतरली.

हायड्रोकॉर्टिसोन त्वचेपर्यंत कसे पोहोचले?

कॉर्टिसोन गोळी किंवा इंजेक्शन म्हणून गुणकारी होते. साहजिकच ते मलमातून लावून पाहिले गेले, पण त्वचेवर त्याचा उपयोग होईना. कारण कॉर्टिसोन स्वतः निष्क्रिय असते. शरीरात, मुख्यतः यकृतात, त्याचे हायड्रोकॉर्टिसोन होते आणि मग ते काम करते. त्वचेवर लावल्यावर हा बदल पुरेसा होत नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी थेट हायड्रोकॉर्टिसोनचेच मलम वापरले आणि इसबाचे चट्टे शमले. त्वचारोगांच्या उपचारांना तिथून वेगळे वळण लागले. त्याआधी अशा रुग्णांना डांबराचे लेप, ओल्या पट्ट्या आणि सहनशक्ती यांवरच दिवस काढावे लागत.

मलम लावल्यावर नेमके काय होते? औषध त्वचेच्या पेशींत शिरते आणि दाह निर्माण करणाऱ्या द्रव्यांची निर्मिती कमी करते. फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून लाली उतरते. सूज आणि खाज कमी होते. खाजवणे थांबले, की त्वचेला भरून यायला वेळ मिळतो. ते इसबाचे मूळ कारण काढून टाकत नाही. पेटलेला दाह विझवते. म्हणूनच इसब पुन्हा येऊ शकते, आणि रोज मॉइश्चरायझर लावणे व त्रास देणारी गोष्ट टाळणे हे मलमाइतकेच महत्त्वाचे असते.

घरावर हल्ला

प्रयोगशाळेत हे सर्व सुरू असताना ज्युलियन यांच्या घरी काय चालले होते, हेही सांगायला हवे. १९५० मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने त्यांना वर्षातील मानाचे नागरिक म्हणून गौरवले. त्याच वर्षी त्यांनी ओक पार्क या उपनगरात घर घेतले. काळे कुटुंब शेजारी नको म्हणून, ते राहायला येण्याआधीच, नोव्हेंबरमध्ये घर पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये मुलांच्या खोलीच्या खिडकीबाहेर डायनामाइट फेकले गेले. मुले थोडक्यात बचावली.

ज्युलियन बंदूक घेऊन रात्री घराबाहेर पहारा देत. लहानगा मुलगा सोबत बसे. त्यांच्या पत्नी डॉ. ॲना ज्युलियन स्वतः समाजशास्त्राच्या विदुषी होत्या; या विषयात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्री. कुटुंबाने घर सोडायचे नाही असे ठरवले. गावातील अनेक गोरे शेजारीही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्युलियन अखेरपर्यंत तिथेच राहिले.

१९५३ मध्ये ग्लिडनने स्टेरॉइडचे काम थांबवायचे ठरवले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून स्वतःची ज्युलियन लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. इतरत्र दारे बंद असलेल्या काळ्या रसायनशास्त्रज्ञांना आणि स्त्रियांना त्यांनी तिथे कामावर घेतले. १९६१ मध्ये ही कंपनी २० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. १९ एप्रिल १९७५ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंट होती.

हे मलम योग्य रीतीने कसे वापरावे?

किती लावावे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढा. हे साधारण अर्धा ग्रॅम औषध होते. बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरते.

कसे लावावे: हात धुऊन, फक्त दाह झालेल्या जागी, दिवसातून एकदा किंवा दोनदा पातळ थर लावा. जोरात चोळू नका. मॉइश्चरायझर आणि हे मलम यांत थोडा वेळ जाऊ द्या. नंतर पुन्हा हात धुवा (हातांवरच उपचार सुरू असेल तर नाही).

किती दिवस: डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. आठवड्याभरात फरक दिसला नाही, तर मलम वाढवण्याऐवजी पुन्हा दाखवा. निदानच वेगळे असू शकते.

कुठे जपावे: चेहरा, पापण्या, जांघा, काख आणि लहान मुलांची त्वचा पातळ असते. तिथे औषध जास्त शोषले जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तिथे वापरू नका. मलमावर घट्ट पट्टी बांधू नका. डायपरच्या जागी लावण्याआधी विचारून घ्या.

कशावर लावू नये: गजकर्ण किंवा नायटा, खरूज, मुरुमे, नागीण, ओठांवरचे जर आणि पू झालेली जखम. बुरशीच्या संसर्गावर स्टेरॉइड लावले, की खाज थांबते आणि बरे वाटते. पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी आत पसरत राहते. चट्ट्याचे रूपही बदलते आणि निदान अवघड होते.

दोन चुका, दोन्ही टाळण्यासारख्या

पहिली चूक म्हणजे स्टेरॉइड या शब्दालाच घाबरणे. अनेक आईवडील बाळाला मलम लावतच नाहीत, किंवा दोन दिवसांत बंद करतात. मग बाळ रात्रभर खाजवते, झोप जात नाही असे होते, आणि ओरखड्यांत जंतुसंसर्ग होतो. डॉक्टरांनी तपासून दिलेले १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन योग्य जागी, ठरलेले दिवस वापरले, तर त्रास होण्याची शक्यता फार कमी असते.

दुसरी चूक बरोबर उलटी. हायड्रोकॉर्टिसोननंतर रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सांगाड्यावर आणखी बदल करून बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी खूप तीव्र औषधे बनवली. क्लोबेटासोल तर हायड्रोकॉर्टिसोनच्या शेकडो पट प्रभावी आहे. तीही स्टेरॉइड मलमेच, पण बळ अगदी वेगळे. आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेल्या ट्यूब गजकर्णासाठी परस्पर आणून वापरल्या जातात. काही जण चेहरा उजळावा म्हणून महिनोन्महिने स्टेरॉइडचे क्रीम लावतात. त्यातून त्वचा पातळ होणे, लाल बारीक शिरा दिसणे, मुरुमे, चेहऱ्यावर लव वाढणे, जांघेत कायमच्या ताणाच्या रेषा, असे परिणाम होतात. मलम थांबवले की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. असे होत असेल तर लाज न बाळगता त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. बरेच दिवस तीव्र मलम लावत असाल, तर एकदम बंद करण्याऐवजी त्यांना विचारून टप्प्याटप्प्याने थांबवा.

म्हणून पुढच्या वेळी ट्यूब हातात घ्याल, तेव्हा तीन गोष्टी पाहा: औषधाचे मूळ नाव, त्याचे प्रमाण, आणि ते कुणाला, कोणत्या आजारासाठी दिले होते. घरातल्या एकाला दिलेली ट्यूब दुसऱ्यासाठी वापरू नका. ज्युलियन यांच्या पिढीने हे औषध स्वस्त आणि मुबलक केले. ते कुठे आणि किती लावायचे, याची जबाबदारी आता डॉक्टर आणि रुग्ण या दोघांची आहे.

ही माहिती सर्वसाधारण आरोग्यशिक्षणासाठी आहे. चट्टे पसरत असतील, ताप असेल, पू किंवा पाण्याचे फोड दिसत असतील, किंवा डोळ्यांजवळ त्रास असेल, तर घरी उपचार न करता लगेच डॉक्टरांना दाखवा.